पूर्ण एक मिनिट

1990 च्या आसपासचं गडचिरोली. कुडाच्या घरात तुम्ही उकिडवे बसला आहात. समोरच्या दाईला लिहिता-वाचता येत नाही. तिच्या मांडीवर तान्हं पोर, आणि शेजारी "पोट लई उडून राह्यलं जी" म्हणणारी आई. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं दाईच्या हाती एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओळीत ओवलेले मणी दिलेत. दर दहा श्वासांना एक मणी. वाळू सरायच्या आत दाई तांबड्या मण्यापर्यंत पोचली, की न्यूमोनिया. लगेच को-ट्रायमॉक्सॅझोल. एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही. 1988 मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून खाली आले. 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं.

आता एप्रिल 2021. पाटीवर अजून औरंगाबादच आहे, नाव बदलायला दोन वर्षं आहेत. तुम्ही घाटी रुग्णालयात, कोविड वॉर्डात, रात्रपाळीला. पीपीई किटच्या आत घाम पाठीवरून ओघळतोय, गॉगलवर वाफ धरलीय. छातीवर मार्करनं तुमचं नाव लिहिलंय, नाहीतर पेशंटला कळणार कसं कोण बोलतंय ते. कानात स्टेथोस्कोप घालायची सोय नाही. म्हणजे त्या दाईसारखेच उरले डोळे, हात आणि भिंतीवरचं घड्याळ.

खिडकीजवळचे मामा जालन्याकडचे. फोनवर मुलाला सांगतायत, "मला काय झालंय? धापबी नाही." बोटावरच्या ऑक्सिमीटरवर 94. बघून बरं वाटतं ना? थांबा. मास्कची पिशवी फुगलेली आहे, ऑक्सिजनचा फ्लोमीटर 15 लिटरवर आहे. हे 94 उसनं आहे. मामांचं मनगट धरा, नाडी बघताय असं भासवा आणि नजर छातीवर ठेवा. श्वास मोजताय हे कळलं की माणूस तो आवरून घेतो. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणू नका. पूर्ण मिनिट. 36.

वॉर्डातल्या चार्टवर सगळ्यांचे श्वास एकसारखे 20 लिहिलेले मी पाहिलेत. ते मोजलेले नसतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

निवासी डॉक्टरांना बोलवा, आकडा सांगा. "पेशंट बरा वाटत नाही" एवढ्यानं गर्दीच्या रात्री कोणी धावत नाही. "15 लिटरवर 94, श्वास 36, मानेतले आणि बरगड्यांमधले स्नायू ओढले जातायत" म्हटलं की धावतात. तोवर मामांना पालथं करायचं. छातीखाली एक उशी, ओटीपोटाखाली एक, पोट मोकळं. ते कुरकुरतील. "मामा, अर्धा तास तरी. मग चहा." वॉर्डातल्या मावशी नळी सांभाळतील, कुशीवर वळताना तीच निसटते.

पलीकडच्या आजींना ताप नाही. त्या सुनेला हाका मारतायत, सून तर गावी. म्हातारपण म्हणून सोडून द्याल? वय झालेल्या माणसाचा न्यूमोनिया पुष्कळदा असाच येतो: ना ताप, ना खोकला, नुसता भ्रम. कालपर्यंत त्या नीट बोलत होत्या का, हे घरी फोन लावून विचारा. बीपी बघा, लघवी किती झाली ते बघा. बोटं गार असतील तर यंत्रावर विसंबू नका. हात चोळून ऊब द्या, मग लावा. पाणी पाजताना त्यांना उठवून बसवा. आडवं पाजलेलं पाणी फुप्फुसात उतरलं की एकाचे दोन आजार.

सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना तुमचा घसा कोरडा पडलाय, किटमध्ये शिरल्यापासून घोटभर पाणी नाही. तरी सांगता: "मामा सहा तासांत दोनदा पालथे झाले, श्वास 36 वरून 28, ऑक्सिजन 12 लिटर. आजींचा भ्रम तसाच, सकाळचं रक्त गेलंय, रिपोर्ट यायचाय. आणि आठला दोघांचेही श्वास मोज, माझा आकडा उतरवून घेऊ नकोस."