मातीविना बागेत सामूचे महत्त्व

सदनिकेच्या गच्चीत वा सज्जात मातीविना, केवळ पोषक द्रावणावर पालक, पुदिना, लेट्यूस पिकविणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. खत मोजूनमापून दिलेले असते, तरी कोवळी पाने पिवळी पडतात आणि फक्त शिरा हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. अशा वेळी आणखी खत घालण्याचा मोह होतो. परंतु दोष पुष्कळदा खताचा नसून द्रावणाच्या सामूचा असतो.

सामू म्हणजे आम्लता व अल्कता दर्शविणारे माप. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसन यांनी १९०९ मध्ये ते मांडले. ७ हा अंक उदासीन. त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. एका अंकाचा फरक आम्लतेत दसपट असतो. बहुतेक भाज्यांना ५.५ ते ६.५ हा सामू मानवतो. तो ७ च्या पुढे गेला की लोह, मँगनीज व स्फुरद यांचे न विरघळणारे क्षार बनू लागतात. रोप भरल्या ताटावर उपाशी राहते.

सामू स्थिर राहत नाही. मुळे नायट्रेट शोषतात तेव्हा तो वाढतो, अमोनियम शोषतात तेव्हा उतरतो. कूपनलिकेच्या जड पाण्यातील बायकार्बोनेटमुळे तो खाली आणल्यावरही पुन्हा चढतो.

म्हणून आधी पाण्यात खते पूर्ण विरघळवावीत, मगच सामू मोजावा. मापक यंत्र ४ व ७ सामूच्या प्रमाण द्रावणांत अधूनमधून पडताळून घ्यावे. सामू उतरविण्यासाठी सौम्य केलेले फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालावे, ढवळावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. लिंबाचा रस वा सायट्रिक आम्लही चालते. मात्र जिवाणू ते फस्त करीत असल्याने परिणाम अल्पकाळ टिकतो. सामू वाढवायचा असल्यास पोटॅशियम बायकार्बोनेट वापरता येते.

आम्ल हाताळताना हातमोजे व चष्मा आवश्यक आहे. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कदापि नव्हे. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. फरशी वा स्वच्छतागृह धुण्याचे आम्ल भाज्यांसाठी वापरू नये.

टाकी लहान असेल तर सामू झपाट्याने बदलतो. तेथे रोज मोजणेच इष्ट. पाने पिवळी दिसताच हात खताच्या डब्याकडे नव्हे, मापकाकडे जावा. अन्यथा खत वाया जाते आणि क्षार साचून मुळे करपतात.