गाणे मोठे की आवाज मोठा?

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक फजिती झाली. मुलांच्या कार्यक्रमासाठी जुनी-नवी दहा-बारा गाणी एकापुढे एक जोडून ठेवली होती. पहिले होते जुन्या नाटकातील एक पद. ते मागच्या रांगांना ऐकू येईना, म्हणून ध्वनिवर्धकाजवळ बसलेल्या मुलाने आवाज वाढविला. पद संपले आणि पाठोपाठ अलीकडचे एक चित्रपटगीत असे काही कडाडले की पुढे बसलेल्या मातांनी तान्ह्या मुलांचे कान झाकले. मी त्या मुलाला रागे भरलो. तो निमूटपणे म्हणाला, "सर, मी बटणाला हातसुद्धा लावला नाही." त्याचे म्हणणे खरे होते. यंत्र तेच, बटणही त्याच जागी; मग दोन गाण्यांच्या आवाजात एवढे अंतर का पडावे? या प्रश्नाचा मागोवा घेता घेता शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास हाती लागला. तोच आज आपणांस थोडक्यात सांगावयाचा आहे.

आरंभ कर्ण्यापासून करू. एडिसनने 1877 साली फोनोग्राफ सिद्ध केला आणि दहा वर्षांनी बर्लिनरने तबकडीचा ग्रामोफोन पुढे आणला. त्या काळी ध्वनिमुद्रणात विजेचा संबंध नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, त्याच्या आवाजाच्या बळाने पडदा हलावयाचा आणि पडद्याला जोडलेल्या सुईने मेणावर खाच कोरावयाची. फ्रेड गेसबर्ग 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, ते याच रीतीने. आवाज हळू काढला तर सुई हलत नसे. फार चढविला तर नाद फाटत असे. म्हणून तार सप्तकात जाताना गायकाला मागे सरावे लागे आणि खाली उतरताना कर्ण्याजवळ यावे लागे. तंबोऱ्यासारखे मृदू वाद्य त्या कर्ण्यापुढे जवळजवळ मुकेच होई. तबकडीच्या आवाजाची पातळी ठरवी ती गायकाच्या छातीची ताकद आणि कर्ण्यापासूनचे अंतर.

1925 साली विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण रूढ होऊ लागले. कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला आणि आवाजाची सूत्रे गायकाच्या हातून यंत्रज्ञाच्या हाती गेली. कुजबुजल्यासारखे गाणेही आता मुद्रित होऊ लागले. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी यांची हळुवार गायकी लोकप्रिय झाली ती मायक्रोफोनच्या आधारानेच. गाणे किती मोठे गायिले आणि ते किती मोठे ऐकू आले, या दोन गोष्टींची फारकत येथे झाली.

तरीही यंत्रज्ञ सर्वस्वी स्वतंत्र नव्हता. तबकडीवरील खाच नागमोडी असते. आवाज जितका मोठा, तितकी तिची वळणे रुंद. रुंद वळणांना जागा अधिक लागते, म्हणून शेजारच्या दोन खाचांत अंतर ठेवावे लागते आणि तबकडीवर मावणारा वेळ कमी होतो. वळण फारच रुंद झाले तर सुई उडते. दहा इंची जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. तास-दीड तास राग मांडणाऱ्या गवयांनी त्या तीन मिनिटांत आपली विद्या कशी बसविली, हे एक नवलच आहे. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीत अंतराळात गेली. तीही अवघी साडेतीन मिनिटांची.

1948 साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी दीर्घ तबकडी काढली. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मावू लागली. त्याच सुमारास ध्वनिमुद्रणासाठी चुंबकीय फीत वापरात आली आणि एका नव्या कारागिराची गरज पडली. फितीवरचे संगीत तबकडीच्या खाचेत बसेल असे करून मूळ तबकडी कापणे, हे त्याचे काम. मंद्र स्वरांची वळणे फार रुंद होतात, म्हणून कापताना ते घटवावयाचे आणि वाजविताना यंत्राने पुन्हा वाढवावयाचे. या रीतीचे एक समान प्रमाण अमेरिकेत 1954 साली ठरले. गाण्याची ही अखेरची मशागत म्हणजेच मास्टरिंग. तिचा मूळ हेतू मोठा साधा होता: कलावंताने केलेले काम घरच्या यंत्रावर धडपणे वाजावे.

मग चढाओढ कोठून आली? तिचे मूळ आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी 1933 साली दाखवून दिले की आवाज लहान असताना मनुष्याच्या कानाला मंद्र स्वर विशेष कमी ऐकू येतात. आवाज वाढला की ते भरून येतात. यामुळे तेच गाणे किंचित मोठे वाजविले की ते अधिक भरदार, म्हणजे अधिक चांगले, असे वाटते. व्यापाऱ्यांनी ही मेख ओळखली. अमेरिकेतील उपाहारगृहांत नाणे टाकून तबकडी वाजविण्याची यंत्रे असत. यंत्राचे बटण मालकाच्या ताब्यात. तेव्हा ज्याची तबकडी मोठ्याने कापलेली, त्याचे गाणे चारचौघांत उठून दिसे. परंतु खाचेची रुंदी आणि सुईची उडी या चढाओढीला लगाम घालीत होत्या.

हा लगाम 1982 साली सुटला. त्या वर्षी कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तीत खाचेचे वळण नाही आणि उडणारी सुईही नाही. सेकंदाला 44,100 वेळा आवाजाचे मोजमाप होते आणि प्रत्येक माप 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसते. अतिसूक्ष्म आणि अतिमोठा आवाज यांत सुमारे 96 डेसिबलांचे अंतर तीत मावते. एवढे प्रशस्त घर मिळाल्यावर संगीत ऐसपैस नांदेल, अशी अपेक्षा होती. घडले ते उलट. या घराला छत आहे. सर्वांत वरच्या पायरीच्या पलीकडे आवाज जाऊच शकत नाही. मग गाणे शेजाऱ्याच्या गाण्याहून मोठे कसे करावे? शिखरे छाटावयाची आणि उरलेले सगळे वर उचलून छताला टेकवावयाचे. कॉम्प्रेसर आणि लिमिटर या साधनांनी हे काम सोपे केले. 1990 नंतर सरासरी आवाज वर्षानुवर्षे चढत गेला. 2008 साली मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा संग्रह निघाला, तेव्हा त्याचा नाद फाटल्याची तक्रार हजारो चाहत्यांनीच केली. त्याचे मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांना सांगावे लागले की आपल्या हाती आले तेव्हाच ते संगीत दाबलेले होते.

यात नेमके गमावले काय, असे आपण विचाराल. ख्यालाची मैफल डोळ्यांपुढे आणा. मंद्रातला पहिला षड्ज इतका हळू लागतो की श्रोते आपोआप पुढे झुकतात. तासाभराने तान कडाडते, तेव्हा तिचा दरारा त्या पहिल्या हळुवारपणामुळेच वाटतो. आता सगळेच छताला टेकविले तर तान मोठी राहात नाही आणि षड्ज हळू राहात नाही. तंबोरा पुढे येतो, गायकाचा श्वास ऐकू येतो, तबल्याच्या थापेची धार मात्र बोथट होते. माझ्या धंद्यातला दाखला द्यावयाचा तर, जो शिक्षक पूर्ण तासभर ओरडतो त्याचे एकही वाक्य वर्गाला महत्त्वाचे वाटत नाही.

या रोगावर उपाय निघाला तो मोजपट्टीतून. पूर्वी यंत्रे आवाजाची शिखरे मोजीत. कानाला जाणवते ती पातळी निराळीच असते. 2006 साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ही जाणवणारी पातळी मोजण्याची एक रीत ठरवून दिली. 2010 साली युरोपीय प्रसारण संस्थांच्या संघाने त्याच रीतीवर आपल्या सभासदांसाठी उणे 23 ही पातळी सुचविली. कार्यक्रमाहून जाहिराती मोठ्याने वाजू नयेत म्हणून अमेरिकेने त्याच वर्षी कायदा केला आणि 2012 च्या डिसेंबरात तो अमलात आला. इंटरनेटवरून गाणी पुरविणाऱ्या काही मोठ्या संस्थाही आज मोठे गाणे आपणहून खाली उतरवून देतात. छाटून मोठे केलेले गाणे असे खाली उतरले की मोठेपणा जातो आणि छाटलेपण तेवढे उरते. चढाओढीतला फायदाच त्यामुळे पुष्कळसा नाहीसा झाला.

याचा अर्थ मास्टरिंग वाईट, असा मात्र नव्हे. जुन्या तबकड्यांच्या नव्या आवृत्त्या निघतात, त्यांचेच पाहा. जाणता कारागीर खरखर बेताने कमी करतो, वेग नीट लावतो आणि गवयाचा गळा आपल्यापुढे उभा करतो. उतावळा कारागीर खरखरीबरोबर तंबोऱ्याची झारही पुसून टाकतो. साधने दोघांचीही तीच असतात. फरक पडतो तो त्यांच्या कानात आणि संयमात.

आपणांसही एक प्रयोग घरी करून पाहता येईल. एकाच गाण्याची जुनी आणि नवी आवृत्ती मिळवा. मोठी असेल तिचे बटण खाली करून दोन्ही कानाला सारख्या पातळीवर आणा आणि मगच कोणती चांगली ते ठरवा. निकाल पुष्कळदा बदललेला आढळेल.

पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी तो मुलगा आणि मी शाळेच्या सभागृहात बसलो. जुनी पदे जशीच्या तशी ठेवली आणि नवी गाणी एकेक करून त्यांच्या पातळीला खाली आणली. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पद हळूच उमटले. मागच्या रांगांत थोडी चुळबुळ झाली. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी मानेने नको म्हटले. क्षणभराने सभागृहातली कुजबुज थांबली आणि पद शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले.