न दुखणारी गाठ

मुंबईला पाणी पुरविणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. पाणी मुंबईला पोचले. पण कर्करोगाविषयीचे ज्ञान उलट दिशेने, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपर्यंत कसे न्यायचे?

शेतावर, मजुरीवर राबणारी बाई आजार ओळखते तो दुखण्यावरून. काम अडले की दवाखाना. एरवी हा नियम उपयोगी पडतो. स्तनाच्या कर्करोगात मात्र तो फसवतो, कारण सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. शिवाय अवयव लाजेचा, रोज बुडणार, गाडीभाडे वेगळेच. तेव्हा उशीर झाला की 'अज्ञान' म्हणून मोकळे होणे बरे नाही.

यावरचा एक मार्ग बार्शीने दाखविला. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंद करायची तर रोगी दवाखान्यात यायला हवा. म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावू लागले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या अवस्थेत उपचारांसाठी येऊ लागल्या.

स्तनांची तपासणी डॉक्टरांनीच करायला हवी का? १९९८ साली टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, हाताने तपासले. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या वस्त्यांत रोग आधीच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात असा ठळक फरक दिसला नाही, हेही नोंदवायला हवे.

२०१६ साली केंद्र सरकारने तिशीपुढच्या स्त्रियांच्या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पण सूचना आणि पाडा यांत अंतर असते. तपासणीत गाठ लागली, तर पुढची वाट कोण दाखविणार? ती नसेल तर तपासणी नुसती भीती देते.

आपण शिक्षक येथे काय करू शकतो? मातापालक सभेला आरोग्यसेविकेला बोलवावे. तीन गोष्टी सांगाव्यात: बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, न दुखणारी गाठही दाखवावी, हा रोग स्पर्शाने पसरत नाही. आणि दवाखान्यात कोणत्या वारी, कोणाकडे जायचे, तेही फळ्यावर लिहावे.