जुन्या गाडीचं नाक

वैभववाडी हे घाटाच्या पायथ्याचं गाव. करूळ घाट चढला की गगनबावडा आणि पुढे कोल्हापूर. भुईबावडा घाटानंही वर पोचता येतं. खाली तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. आज हे रस्ते पक्के आहेत, पण जांभ्या मातीची लाल धूळ काय असते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यानं एक गाडी गेली, तरी कडेच्या झाडांची पानं लाल होतात. ही धूळ आपल्या नाकात जाते, तशी गाडीच्याही जाते. गाडीचं नाक म्हणजे एअर फिल्टर. आपले मिस्त्री त्याला एअर क्लीनर म्हणतात. जुन्या गाड्यांच्या, विशेषतः स्पोर्ट्स कारच्या इतिहासात हा साधा डबा बरंच काही सांगून जातो.

आधी थोडा हिशेब करू. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे इंजिन जवळजवळ नऊ हजार लिटर हवा ओढतं. त्या हवेबरोबर मातीचे कठीण कण आत गेले आणि तेलात मिसळले, की पॉलिश पेपरनं घासावं तसे सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. मग गाडी धूर सोडू लागते, तेल पिऊ लागते आणि चढावर दम टाकते.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात असा फिल्टर बहुधा नसेच. १९२०च्या दशकात तो हळूहळू रूढ झाला. पुढच्या काळातले त्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला तेल लावलेल्या तारेच्या जाळीचा. जाळी रॉकेलमध्ये धुवायची, तेलात बुडवून निथळायची आणि पुन्हा बसवायची. दुसरा तेलाच्या भांड्याचा. यात हवा खाली तेलाच्या पृष्ठभागाकडे येते आणि झटकन वर वळते. जड धुळीला ते वळण जमत नाही, ती तेलात पडते. उरलेली वरच्या ओल्या जाळीत अडकते. तिसरा प्रकार घड्या घातलेल्या कागदाचा. हा १९५०च्या दशकात पसरू लागला आणि पुढे त्यानं बाकीच्यांना बाजूला सारलं. कागद मळला की फेकायचा आणि नवा घालायचा.

तेलाच्या भांड्याचा फिल्टर आपल्याकडे माहीत झाला तो जीपमुळे. दुसऱ्या महायुद्धासाठी बनलेल्या विलिस जीपवर तो होता. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनं मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली. फिल्टरच्या तळाचं भांडं सोडवून त्यातला चिखल झालेला गाळ खरवडून काढणं, हे पुढे जुन्या जीपवाल्यांचं नेहमीचं काम झालं. गाळ किती साचला, यावरून रस्ता कसा होता ते कळे.

धुळीचं महत्त्व युद्धानं आणखी ठळक केलं. १९४२च्या मार्चमध्ये माल्टा बेटावर पोचलेल्या ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानांना नाकाखाली एक मोठा फुगवटा होता. तो व्होक्स कंपनीचा धुळीसाठीचा फिल्टर. त्यानं विमानाचा वेग कमी झाला, तरी तो बसवावा लागला, कारण त्याच्याविना इंजिन टिकलं नसतं.

आता स्पोर्ट्स कारकडे येऊ. मुंबईत जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत इंग्लंडच्या एमजीच्या दोन आसनी गाड्या पाहायला मिळतात, म्हणून त्यांचंच उदाहरण घेऊ. त्यांत दोन कार्बोरेटर असतात. १९४९ ते १९५३ या काळातल्या एमजी टीडीपैकी बऱ्याच गाड्यांना दोन्ही कार्बोरेटरना मिळून एकच, तेलाच्या भांड्याचा फिल्टर होता. १९५३ ते १९५५ या काळातल्या टीएफचं बॉनेट खाली आलं, आत जागा उरली नाही, आणि प्रत्येक कार्बोरेटरला वेगळा चपटा डबा मिळाला. इंग्रज त्याला पॅनकेक म्हणतात. आपण घावन म्हणायला हरकत नाही. १९५५ साली आलेल्या एमजीएवर व्होक्सचेच दोन गोल डबे होते, आत धुता येणारी जाळी. १९६२च्या एमजीबीवर नळीचं तोंड असलेले डबे आले आणि आत कागद. म्हणजे तेरा वर्षांत एकाच कंपनीच्या गाड्यांवर तिन्ही प्रकार येऊन गेले.

मग आज उभ्या असलेल्या गाडीवरचा फिल्टर मूळचा की मागून लावलेला, हे कसं ओळखायचं? आधी साल पाहावं आणि त्या सालाला कोणता प्रकार शोभतो ते ताडावं. १९५०च्या गाडीवर कागदाचा फिल्टर दिसला, तर तो नंतरचा. मग डब्यावर उठवलेलं कंपनीचं नाव शोधावं. ते बहुधा रंगाच्या थरांखाली दडलेलं असतं, म्हणून आधी घासू नये. तिसरी खूण नळीची. एमजीएच्या पुढच्या डब्याला एक छोटी नळी असते. इंजिनच्या वरच्या झाकणातली वाफ रबरी पाइपानं तिथं येते. बाजारातल्या चकचकीत डब्यांना अनेकदा ती नळी नसते, मग पाइप नुसता लोंबत राहतो. शेवटी कार्बोरेटर. त्यातल्या सुईचं माप कंपनीनं फिल्टर लक्षात घेऊन ठरवलेलं असतं. फिल्टर बदलला, की पेट्रोल आणि हवेचं प्रमाण बिघडू शकतं.

आपल्याकडे असे डबे गेले कुठे? १९५०च्या दशकात सरकारनं तयार गाड्यांच्या आयातीवर कडक बंधनं घातली. शिवडीत गाड्यांची जुळणी करणारी जनरल मोटर्स १९५४ साली काम थांबवून गेली. परदेशी सुटे भाग मिळेनासे झाले. मिस्त्रींनी जीपचा, लॉरीचा, मिळेल तो डबा बसवून गाड्या चालत्या ठेवल्या. त्यात त्यांचा दोष नाही. उलट, धुळीच्या रस्त्यावर असा जुगाड मूळच्या बारीक जाळीपेक्षा बरा ठरला असेल. तोही त्या गाडीचा इतिहासच आहे.

नुकसान होतं ते अलीकडच्या हौसेनं. गाडी प्रदर्शनात चमकावी म्हणून जुना गंजका डबा भंगारात जातो आणि क्रोमचा नवा येतो. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळे नोंदणी नियम केले. गाडी मूळ स्वरूपात हवी, सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत, अशी त्यांत अट आहे. फिल्टरचं नाव त्यात नाही. म्हणूनच तो आधी जातो.

तुमच्या घरी, मागच्या पडवीत आजोबांची एखादी गाडी ताडपत्रीखाली असेल, तर एवढं करा. नवा फिल्टर खुशाल लावा, पण जुना फेकू नका. काढण्याआधी त्याचा फोटो घ्या, नट-बोल्ट पिशवीत बांधून ठेवा. आणि तळाशी लाल गाळ असेल, तर थोडा तसाच राहू द्या. गाडी कोणत्या वाटेनं धावली, याचा तेवढाच पुरावा उरलेला असेल.