आतड्यांची जुनाट सूज: औषध नेमक्या पेशींना कसं रोखतं?

वारंवार जुलाब, शौचातून रक्त, पोटात कळा, घटणारं वजन. मालवण-कुडाळकडे यावर घरचं उत्तर ठरलेलं असतं: उष्णता वाढलीय, सोलकढी पी. नाहीतर मूळव्याध समजून लाजेने कुणाला सांगायचंच नाही. पण हा त्रास कित्येक आठवडे चालला, तर तो आयबीडी असू शकतो. हा आजार बहुतेकदा १५ ते ३५ या वयात सुरू होतो, म्हणून ही माहिती तुमच्या कामाची आहे.

आयबीडी म्हणजे काय?
याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजतं. क्रोन्स आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. दोन्हींत रोगप्रतिकारक पेशी आपल्याच आतड्यावर हल्ला करत राहतात.

नवी औषधं काय करतात?
स्टिरॉइड म्हणजे एका त्रासदायक नंबरसाठी अख्ख्या तालुक्याचं नेटवर्क बंद करणं. नवी औषधं तोच नंबर ब्लॉक करायला बघतात.

• इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब: सूज वाढवणारा टीएनएफ नावाचा सिग्नल अडवतात. अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅबला क्रोन्ससाठी १९९८ मध्ये मान्यता मिळाली. अडालिमुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर आवृत्ती २०१४ मध्ये भारतातच, झायडस कंपनीने आणली.
• वेडोलिझुमॅब (२०१४): काही पांढऱ्या पेशींवर आतड्याचा जणू 'पिनकोड' असतो, अल्फा-४ बीटा-७ नावाचं प्रथिन. औषध त्यालाच चिकटतं. मग पेशी रक्तातून आतड्यात शिरू शकत नाहीत आणि बाकी शरीराची प्रतिकारशक्ती बरीचशी शाबूत राहते.
• टोफासिटिनिब: ही गोळी आहे. पेशीच्या आत पोचणारा सिग्नल रोखते.

पुढे काय?
हल्लेखोर पेशींना आवरणाऱ्या 'रेग्युलेटरी टी पेशी'सुद्धा शरीरात असतात. त्यांच्यावरच्या संशोधनाला २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या वाढवून आतड्याची सूज शमवता येईल का, यावर काम चालू आहे.

सुरू करण्याआधी टीबीची तपासणी का?
टीबीचे जंतू अनेकांच्या शरीरात झोपलेले असतात. त्यांना कोंडून ठेवायला टीएनएफ लागतो. तो अडवला की टीबी जागा होऊ शकतो. शिवाय आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला सारखेच, त्यामुळे कोलोनोस्कोपी आणि बायोप्सी महत्त्वाची. कॅलप्रोटेक्टिन या शौचाच्या तपासणीतूनही आतड्यातली सूज कळते.

सिंधुदुर्गात राहून काय लक्षात ठेवाल?
ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि मोठ्या उपचारांसाठी बांबोळीची वाट आपल्याला नवी नाही. जाताना जुने रिपोर्ट सोबत न्या. अडालिमुमॅबचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, फ्रीझरमध्ये नाही. पावसात वीज गेली तर काय करायचं, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आणि बरं वाटलं म्हणून औषध स्वतःहून थांबवू नका: सूज परत उसळू शकते.