रात्री नऊची कट-ऑफ

कोडमध्ये आम्ही सर्रास कट-ऑफ तारीख टाकतो. त्याआधीचं चालेल, नंतरचं नाही. अमेरिकेने एकदा हीच युक्ती जीवन-मरणाच्या प्रश्नाला लावली होती.

१९९८ साली विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या स्टेम सेल प्रयोगशाळेत वाढवल्या. भ्रूण आयव्हीएफनंतर उरलेले, जेमतेम पाच-सहा दिवसांचे. या कामात ते नष्ट होत. कुणाला त्यात कंपवातावरचा इलाज दिसला, कुणाला हत्या.

९ ऑगस्ट २००१ला रात्री नऊ वाजता राष्ट्राध्यक्ष बुश टीव्हीवर आले. त्या क्षणाआधी बनायला सुरुवात झालेल्या सेल लाइनवरच सरकारी पैशातून संशोधन होईल, असं ठरलं. गेलेले भ्रूण परत येणार नव्हते; पुढचे नष्ट करायला करदात्याच्या पैशाने उत्तेजन नको, हा युक्तिवाद. खासगी पैशाला मात्र मोकळीक होती.

त्याच महिन्यात ६४ सेल लाइनची यादी आली. त्यात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या ७ होत्या! प्रत्यक्षात शास्त्रज्ञांच्या हाती लागल्या जेमतेम २१.

बुश यांचा संकोच मला खोटा वाटत नाही. पण एकाच फ्रीझरमधल्या दोन भ्रूणांमध्ये नऊच्या ठोक्याने काय फरक पडला, हे मला अजून उमगलेलं नाही. भ्रूणाला माणूस मानायचं का, हा मूळ प्रश्न तारखेने टाळला, इतकंच.

२००९मध्ये ओबामांनी ती तारीख काढली. भ्रूण नष्ट करणाऱ्या संशोधनाला सरकारी पैसा न देण्याची १९९६ची अट मात्र अमेरिकी काँग्रेस दरवर्षी नव्याने मंजूर करत राहिली.