लाखोबाचे कोर्ट आणि आपले हसू

घरात साखरेचा डबा रिकामा सापडला की वडील हात जोडून, मान किंचित तिरपी करून ‘तो मी नव्हेच’ असे म्हणत आणि सारे घर हसत असे. हे नाटक मी रंगमंचावर पाहण्याच्या कितीतरी आधी मला वडिलांच्या नकलेतून पाठ झाले होते. ऐंशीच्या दशकात नागपुरात वाढलेल्या माझ्या वयाच्या पुष्कळांची कथा थोड्याफार फरकाने हीच असावी. इंग्लंडमधले आमचे समवयस्क ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या ‘क्राउन कोर्ट’ (1972 ते 1984) या मालिकेविषयी जसे हळवे होऊन बोलतात, तसे आपण बोलतो ते आचार्य अत्रे यांच्या या नाटकाविषयी.

त्या ब्रिटिश मालिकेची एक गंमत होती. खटला काल्पनिक, वकील म्हणजे नट. परंतु ज्यूरीत सामान्य नागरिक बसत आणि निकाल खरोखरच त्यांचा असे. आपल्याकडे नानावटी खटल्यात (1959) ज्यूरीने दिलेला कौल उच्च न्यायालयाने मानला नाही, 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थानच उरले नाही. न्यायालयातून उठलेली ही ज्यूरी मराठी नाट्यगृहात येऊन बसली, असे मला पुष्कळदा वाटते.

‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग 8 ऑक्टोबर 1962 रोजी दिल्लीत झाला. मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’ची ही निर्मिती. आधार होता तो माधव काझी या भामट्याच्या गाजलेल्या खटल्याचा. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहावा, बोलू लागावा, आणि फिरत्या रंगमंचावर त्याची हकिकत प्रत्यक्ष घडू लागावी, ही योजना त्या काळात थक्क करणारी होती. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लाखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री दातार अशा पाच भूमिकांत प्रभाकर पणशीकर एकाच रात्री वावरत. पणशीकर 2011 मध्ये गेले तेव्हा आम्ही सारे लाखोबाच गेल्यासारखे हळहळलो.

येथेच मी थबकतो. पिंजऱ्यात येणाऱ्या स्त्रिया कोण होत्या? लग्नाच्या नावाखाली फसवल्या गेलेल्या, चारचौघांत आपली अब्रू उघडी करून सांगाव्या लागणाऱ्या. त्यांची उलटतपासणी घेतो तो स्वतः आरोपी! त्या तपासणीवर प्रेक्षागृह हसते. अत्र्यांना त्या स्त्रियांची कणव नव्हती असे मुळीच म्हणवत नाही. ढोंगावर तुटून पडणे हा तर त्यांचा पिंडच. परंतु आपली स्मृती मोठी निवडक निघाली. तिने भामट्याचा नकार जपला आणि त्या साक्षी टाकून दिल्या. आमच्या घरात कोणी कधी त्या बायकांची नक्कल केली नाही, नावेही घेतली नाहीत.

पाचच वर्षांनी, 1967 मध्ये, ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आणले. येथे कोर्ट खोटे, वेळ घालवायला मांडलेले. आणि आरोपी बेणारे बाई. खेळ म्हणता म्हणता भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे न्यायासन अखेरीस तिच्या पोटातले मूल नष्ट करण्याचीच शिक्षा फर्मावते. लाखोबाच्या कोर्टात आपण निर्धास्त हसतो, कारण सत्य शोधणारी यंत्रणा तेथे शाबूत आहे. तेंडुलकरांनी ती यंत्रणाच साक्षीदारांच्या टोळीच्या हाती दिली. सुलभा देशपांडे यांची बेणारे पाहिलेल्यांकडून मी जे ऐकले आहे, त्यात हसण्याचा उल्लेख फारच थोडा असतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) या चित्रपटात तर नाट्यही उरले नाही. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूबद्दल लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप आहे, आणि तारखांवर तारखा पडत आहेत. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईची सुनावणीच न्यायाधीश घेत नाहीत. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, आणि सुटीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. परप्रांतीयाला हाकलून देणाऱ्या त्या प्रयोगावर प्रेक्षागृह हसते. तो प्रसंग पाहताना मला आमचेच घर आठवले, हे कबूल करायला हवे.

कांबळेंची भूमिका केली ती आमच्या नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. ते काही व्यावसायिक नट नव्हते. ‘विद्रोही’चे संपादक, चळवळीतले कार्यकर्ते. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाने ते गेले. लाखोबाच्या अगदी उलट, या आरोपीपाशी बोलायला फारसे काही नाही. विचारले तेवढ्याचे उत्तर तो देतो आणि गप्प राहतो.

मध्यंतरी एम. ए.च्या वर्गात ‘शांतता!’चे वाचन ठरले. काशीकर, सुखात्मे, रोकडे, पोंक्षे या भूमिकांसाठी मुलांत चढाओढ लागली. बेणारे वाचायला दोघी तयार झाल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, प्रोफेसर दामले कोण वाचणार?” वर्गात एकटा प्राध्यापक मीच होतो. दामले नाटकभर येतच नाहीत, त्यांना एकही संवाद नाही, असे सांगून मी पान उलटले.